नेच्यापायी राहिलेला तिळगूळ

जयपूर, ११ मार्च १९८४

तीर्थस्वरूप उत्तममामांस रत्नमालाचा वाकून नमस्कार. मामींचे गुडघे कसे आहेत? तुमचा खोकला? आम्ही ठीक. (क्षेमकुशल आधी, तक्रार मागून, हे घरी पाटीवर तुम्हीच शिकवलंत म्हणून विचारलं. नाहीतर पहिल्याच ओळीत भांडले असते.)

तुमचा नेचा (इथे सगळे फर्न म्हणतात) मेला. मेला म्हणजे मारला, आणि कोणी तेही सांगते. महाबळेश्वरच्या रोपवाटिकेतून तुम्ही ओल्या गोणपाटात गुंडाळून तो गड्डा पाठवलात आणि लिहिलंत, सावली दे, माती ओली ठेव, खांद्याएवढा होईल. मामा, इथे नळ सकाळी एक तास! तरी मी क्वार्टरच्या मोरीमागे खड्डा करून पालापाचोळा भरला. तांदूळ, डाळ, भाजी, जे धुतलं त्याचं पाणी त्यालाच घातलं. (साबणाचं नाही. एकदा थोडं गेल्याचा संशय आला, तर दोन दिवस मला जेवण गेलं नाही.) "मला अर्धी बादली, त्याला दोन," असं हे रोज ऐकवायचे. दिवाळीपर्यंत नेचा माझ्या कमरेला लागला.

आणि डिसेंबरात पंधरा दिवसांत सगळी पानं तांबडी होऊन आडवी! रेल्वे कॉलनीचे माळी सुखदेवजी लांबूनच म्हणाले, "बहनजी, ये तो गया." आता शेजारच्या शालनताई (आमच्या ओळीत मराठी घरं दोनच, त्यांचं आणि आमचं) भिंतीपलीकडे साड्यांना खळ करतात, आणि भिंतीला खाली भोक आहे. मी सरळ विचारलं, खळीचं पाणी इकडे सोडता का. तर म्हणतात, "अगं बाई, तुझ्या गवताला खळ कशाला घालू? ते काय कडक करून नेसायचंय?"

गवत!

संक्रांतीला मी सगळ्या ओळीला तिळगूळ वाटला, सुखदेवजींनासुद्धा. शालनताईंचं दार तेवढं सोडलं. त्या वाटी घेऊन दारातच उभ्या होत्या. मी पाहिलं नाही. (पाहिलं.) मला अजिबात वाईट वाटत नाही. पण इतकं नाजूक झाड कुणी पाठवतं का?

आपली भाची,
रत्नमाला

ता. क. पाकिटाला तिकीट नव्हतं म्हणून पत्र आठ दिवस राहिलं. आज मोरीमागे सुक्या पानांतून सात हिरव्या मुठी वर आल्या आहेत, लोकरीत गुंडाळल्यासारख्या.

ता. क. दुसरा. नेच्याबद्दलचं तुमचं आंतर्देशीय पत्र कात्रीने उघडताना कडेची पट्टी सुटली होती. लिहिलेला कागद टाकवेना, म्हणून न वाचताच पंचांगात खुणेला घातली होती. आज वाचली. "थंडीत पानं सगळी झडतील, घाबरू नकोस. ओल मात्र मोडू देऊ नकोस." मी तर रागाने जानेवारीपासून पाण्याचा थेंब घातलेला नाही! मग माती ओली कशी? वाकून भोकातून पाहिलं. पलीकडून शालनताई तांदूळ धुतलेलं पाणी तांब्याने सोडत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "उठलं का गं तुझं गवत?"

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठीच समजा. मामींना विचारा, रथसप्तमी होऊन महिना उलटला, आता तिळगूळ दिलेला चालतो का? चालत नसेल तर कळवू नका. तीळ भाजून झाले आहेत.