मुदतीपूर्वी परत

बोर्ली पंचतन
रविवार, ता. ११ फेब्रुवारी १९३४

सौ. मथुरा वामन टिपणीस हीस,

मुंबईहून लिहिलेल्या पत्रांत तुझ्या नावाआधी मी 'चि.' लिहीत असे. आज ते सवयीने लिहिले आणि खोडले. तुला जाऊन तीन महिने झाले. खाडाखोड झालेला कागद पाठवणे बरे नव्हे म्हणून दुसरा घेतला. हा कागद कोठेही पाठवावयाचा नाही, हे नंतर ध्यानात आले.

इकडील सर्व ठीक. शाळा नियमित चालू आहे. तुळशीस पाणी मी घालतो. अबोलीचे एक रोप वाळले, त्यास माझा निष्काळजीपणा कारण. स्वयंपाकास शेजारची सोनूबाई येते. तिच्या आमटीत चिंच जास्त पडते, पण मी तसे बोललेलो नाही.

पत्रास कारण वाचनालयाचे. 'तांबडी लाखमोहोर' या हेरकथेविरुद्ध निवृत्त कारकून मोकाशी यांनी लेखी तक्रार दिली आहे. ते पुस्तक ठेवावे की काढून टाकावे, याचा निर्णय पुढील रविवारच्या सभेत होईल. तोवर चिटणीस या नात्याने वाचकांचे अभिप्राय मी गोळा करावयाचे आहेत.

कथानकाचा पूर्वार्ध तू जाणतेसच. रोहिणी नावाची हेर दासीच्या वेषात शत्रूच्या सरदाराकडे राहते आणि त्याच्या आरमाराचा नकाशा चोरते. मोकाशींचे म्हणणे असे की, कुलीन स्त्रिया असले वाचू लागल्या तर घरोघरी कुलपे बदलावी लागतील. मुंबईच्या गिरणीतून रजेवर आलेला धर्माजी म्हणाला, "मास्तर, फस्कलास पुस्तक! आमच्या खोलीत येक जन वाचतो नि धा जन ऐकतात. वाचनारा खोकला तरी शिव्या खातो." अध्यक्ष दयारामशेठ नाराज दिसले. "एवढा जाडा पुस्तक, ने शेवटी बाईला मारून टाकली? मी दोन दिवस दुकानात कोणाशी बोललो नाय." पोस्टमास्तरांच्या मते भाषा अशुद्ध आहे, तरी त्यांनी ते दोनदा वाचले.

माझा अभिप्राय विचारला गेला, तेव्हा मी तो लांबणीवर टाकला. पुस्तकास मी वर्षभर नावे ठेवली होती, पण ते वाचले नव्हते. या आठवड्यात वाचले. एकशे बाराव्या पानापर्यंत कोपऱ्यांना हळदीचे बोट लागले आहे. पुढे नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते पुस्तक मी तुझ्याकडून घेतले. डॉक्टरांनी मनास क्षोभ होईल असे काही नको म्हणून बजावले होते, हे तुला ठाऊक आहेच.

उत्तरार्धात रोहिणी नकाशा पोकळ वेतात लपवते, नावाडी फितूर होतो आणि तिला गोळ्या घालतात. शेवटच्या प्रकरणात सेनापतीस पदक मिळते. तुला सांगावयाचे राहिले होते, म्हणून लिहिले.

वा. ग. टिपणीस


बोर्ली पंचतन
रविवार, ता. १८ फेब्रुवारी १९३४

मथुरा,

गेल्या पत्रात एक वाक्य खोटे आहे. त्याकडे येतोच.

गुरुवारी शाळेस सुटी होती. दुपारी भरडखोलच्या ठमाबाई आणि तिची भाची भागूबाई मासळीच्या पाट्या घेऊन अंगणात उभ्या राहिल्या. तू त्यांना ओटीवर वाचून दाखवीत असस; तू गेल्यापासून त्या तेथे चढत नाहीत. बांगडे घेऊन झाले तरी ठमाबाई हलेना.

"मास्तर, येक इचारू? त्या रोयनीचं फुडं काय झालं? भागूनं माझं डोकं खाल्लंय."

मी म्हणालो, "तिला गोळ्या घातल्या."

"कोनी? त्या जकातवाल्यानं?"

पुस्तकात जकातवाला कोणी नाही. मी तसे सांगण्याआधीच भागूबाई उसळली, "तो न्हाय घालनार! मी सांगते ना मावशे, तो सोडनार तिला."

"सोडतोय! कायद्याचा मानूस तो. तुझा नवरा हाय व्हय, हसून सोडायला?"

मी दोघींना ओटीवर बसावयास सांगितले आणि प्रथमपासून सर्व विचारले. त्या एकमेकींचे शब्द तोडत सांगू लागल्या. रोहिणीने नकाशा सुक्या बोंबलांच्या जुडीत दडवला. कोळणींच्या घोळक्यात डोक्यावर पाटी घेऊन ती धक्क्यावर आली. ऐन ओहोटीस तिने खाडीतून होडी काढली, हे मात्र ठमाबाईस मुळीच मान्य नव्हते. "मी वयनीला तवाच बोलले, चिखलात रुतंल गो तुजी रोयनी. तर म्हनाली, बरं, उद्या भरती करते." आणि दुसऱ्या दिवशी तू खरोखर भरती केलीस.

धक्क्यावर जकातीचा अंमलदार बसलेला होता. "डगल्याची समदी बटनं लावलेला," भागूबाई रंगात येऊन सांगू लागली, "काठी गिळल्यावानी ताठ. हसायचं झालं तरी आधी नियम बघनार..." ठमाबाईने तिला कोपर मारले. मग दोघी पाट्यांकडे पाहत राहिल्या. माझ्या कोटाची सर्व बटने लावलेली होती. वरचे एक सोडावे की नाही, हे न सुचून मी तसाच बसलो.

"हे तिने केव्हा वाचून दाखवले?"

"दिवाळीच्या आगंमागं."

"त्या वेळी पुस्तक वाचनालयाच्या कपाटात होते."

"ठावं हाय," ठमाबाई म्हणाली. "वयनी तुमचं त्ये काळ्या पुठ्ठ्याचं जाडं पुस्तक धरून बसायची. आमाला वाचता येत न्हाय, मास्तर. पन ती पान उलटत न्हवती, त्ये दिसत न्हवतं व्हय?"

"मग तुम्ही विचारले का नाही?"

"कशापायी? इचारलं आस्तं तर गोष्ट थांबली आस्ती."

काळ्या पुठ्ठ्याचे पुस्तक म्हणजे माझे कॉलेजातील तर्कशास्त्र. ते इंग्रजीत आहे. त्यातले एक अक्षर तुला वाचता येत नव्हते आणि तीन आठवडे तू ते मांडीवर उघडे धरून बसलीस. पायरीवरून माझी चाहूल लागताच तू ते मिटत असशील. मी आलो की ओटी रिकामी असे आणि तू म्हणत असस, "थोडे पडते."

आता ते खोटे वाक्य. डॉक्टरांनी पुस्तकाविषयी काहीही सांगितले नव्हते. त्या दिवशी भर बाजारात मोकाशी मला म्हणाले, "काय टिपणीस, तुमच्या ओटीवर कोळणींचे वाचनालय निघाले म्हणे!" चार माणसे हसली. मी तसाच घरी आलो आणि तुझ्या हातून पुस्तक काढून घेतले. "एवढे प्रकरण होऊ द्या," असे तू म्हणालीस. "नियमात बसत नाही," असे मी म्हणालो. कोणत्या नियमात, हे तू विचारले नाहीस. तसा नियम नाही. तू पुन्हा पुस्तकाचे नाव काढले नाहीस आणि तो तुझा समजूतदारपणा आहे, अशी मी स्वतःची समजूत करून घेतली.

गोष्ट कोठे थांबली, असे मी ठमाबाईस विचारले. अंमलदाराने बोंबलांच्या जुडीत हात घातला आणि त्याच्या बोटांस कागद लागला, तेथे. दुसऱ्या दिवशी त्या आल्या, तेव्हा तू ग्लानीत होतीस.

मग मी विचारले, "तो काय करील, असे तिचे मत होते?" हा प्रश्न मी घाईने दोनदा विचारला. शाळेत तपासणीस येतात, तेव्हाही माझे असे होत नाही.

ठमाबाई प्रथमच माझ्याकडे पाहून हसली. "मी इचारलं व्हतं. तर बोलली, सोडील गो ठमे. पन आधी वहीत नोंद करील."

आज सभा झाली. मी सर्व अभिप्राय वाचून दाखवले, त्यांत या दोघींचेही. मोकाशींनी चष्मा सारखा केला.

"बोंबील कोणत्या पानावर आहेत?"

"छापील प्रतीत नाहीत."

"मग हा अभिप्राय कोणाच्या पुस्तकावर?"

"माझ्या पत्नीच्या."

दयारामशेठ हळूच म्हणाले, "मास्तर, ते पुस्तक आपल्याकडे नाय?"

"नाही, शेठजी."

"ते ठेवायला पायजे होता," ते म्हणाले.

'तांबडी लाखमोहोर' तीन विरुद्ध दोन मतांनी राहिले. त्यानंतर मी देवघेवीची वही मागवली. पुस्तक माझ्या नावावर होते, कारण स्त्रियांस सभासद करून घेत नाहीत. माझे नाव खोडून तेथे तुझे पूर्ण नाव घातले आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले: "वाचक पान ११२ वर असता चिटणिसाने पुस्तक मुदतीपूर्वी परत घेतले. कारण: काही नाही." खाली सही केली. वाचकाचे पुस्तक विनाकारण हिरावून घेणाऱ्याने चिटणीस राहू नये, म्हणून राजीनामा दिला. फेरविचार करा, असे सर्वांनी म्हटले. मोकाशींनीही म्हटले. मी केला नाही.

भागूबाई म्हणते, फुडचं तुमी सांगा. मला ते साधत नाही. गुरुवारी रात्री मी दोन वाक्ये जुळवून पाहिली, ती सरकारी अर्जासारखी झाली. म्हणून त्या येतात तेव्हा मी त्यांना धक्क्यापर्यंतची गोष्ट पुन्हा सांगावयास लावतो. प्रत्येक खेपेस थोडा फरक पडतो आणि त्यात तुझे शब्द कोणते आणि त्यांचे कोणते, हे मला अजून थोडेफार ओळखता येते. पुढे येईल की नाही, सांगता येत नाही.

नोंद केली, मथुरा. तू म्हणालीस त्याप्रमाणे ती आधी केली. पण आता सोडावयाचे ते काय, हे कळत नाही. जुडीतला हात अजून तेथेच आहे आणि तू समोर उभी आहेस असे धरून मी बसलो आहे.

तुझा,
वामन

वाचनालयाचे दार सायंकाळी सहा वाजता लावले व कुलूप घातले. दोन्ही किल्ल्या दयारामशेठ यांच्या हाती परत दिल्या.