चोळी-बांगडीची वाडी

॥ श्री ॥
अकोला, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, शके १७८५

चि. पंजाबराव यास दुर्गाबाईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

अक्षर तुह्या भाटव्याचं, माह्या घरधन्याचं आहे, पण बोलणं माहं आहे. ते शब्द मऊ करून राहिले होते, मी करू देल्ले नाई.

परवा चंपाषष्ठीच्या वांग्यांसाठी आमी छकडा जुपून बार्शीटाकळीले आपल्या शेतात गेलो. मी, सासूबाई, लेकरं, सारे. चातुर्मासापासून कोणी वांगं तोंडात घातलं नाई, खंडोबाले भरीत दाखवल्याबिगर घालतही नाई, तुले मालूम आहे. वाटभर मी सांगत गेली, माह्या बाबानं विहिरीजवळची वाडी मले चोळी-बांगडीले देल्ली, तिथल्यासारखं वांगं कुठं नाई. जाऊन पाहतो त विहिरीपासून धुऱ्याच्या बांधापर्यंत कपाशी! अन् तू ठेवलेला नवा राखणदार काठी आडवी धरून मले विचारते, कोण तुमी, बोंडं चोराले आल्या का? सासूबाईदेखत! वाटलं, धरती पोटात घेईन त बरं.

बाजारातही वांगं नाई. सारं वऱ्हाड कपाशीमागं येडं झालं. देवापुढं कोरडी भाकर ठेवली. बाबाचा शब्द मोडाले तुले लाज कशी नाई वाटली रे?

लोभ ठेवाचा का नाई, ते तुह्या जबाबावर.
दुर्गाबाई

अमरावती, मार्गशीर्ष वद्य तृतीया

ती. बाईस पंजाबरावाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

वांग्यासाठी एवढा तमाशा? विलायतेले रुई पायजे, इथं बाजारात गाड्या उभ्या कराले जागा नाई. अशात विहिरीचं पाणी भाजीले पाजू? बाबा असते त त्याइनंही हेच केलं असतं. राखणदाराले काय मालूम तू कोण! तुह्यासाठी सोन्याच्या पाटल्या धाडून राहिलो. घाल अन् राग गिळ. भाटव्याइले नमस्कार.

लोभ आहेच, तो काय कुठं चालला?
पंजाबराव

अकोला, मार्गशीर्ष वद्य द्वादशी

चि. पंजाबराव यास आशीर्वाद. अनेक नाई, एकच. वि. वि.

पाटल्या आणणाऱ्याच्याच हाती परत धाडल्या. राखणदाराले मालूम नाई, कारण तू सांगतलंच नाई. बाबानं तुले सारं शेत देल्लं, मले एक तुकडा. तोही तुह्या डोळ्यात खुपला!

काल आमी परत गेलो. आधी बोंडं वेचून तुह्या गंजीवर टाकली. तुही कपास मले नको. मंग कपाशीच्या पऱ्हाट्या उपटाले लागलो. मले वाटे, सासूबाई जलमभर टोमणे मारतील. पण त्याइनंच पदर खोचला, पहिली पऱ्हाटी त्याइनंच उपटली. म्हणाल्या, सुनेचा अपमान त आमचा अपमान. राखणदार बोंबलला, तवा त्याले सांगतलं, इथली मालकीण मी, जाय, कळव अमरावतीले. वाडी साफ केली, मेथी पेरली, लसूण लावला.

मेथी महिन्यात येईन. तूही ये, पोटभर खा, भाऊ आहेस. पण वाडीत पाय टाकाच्या आधी धुऱ्यावर उभा राहून विचारा लागन, बाई, येऊ का?

लोभाचं तवा पाहू.
दुर्गाबाई