बरोबरी मागणारी घोरपड

३ मे
जिभेला हाड नाही, त्याची शिक्षा मिळाली! क्लबच्या सभेत उठून म्हणालो, की आपली कॉम्प्युटर बुद्धिबळ स्पर्धा बघणं म्हणजे दोन सभ्य गृहस्थ दारात ‘आधी तुम्ही’, ‘छे छे, आधी तुम्ही’ करत उभे असलेले बघणं. यंत्र यंत्राशी खेळतं, माणसं शेजारी बसून चहा पितात आणि डाव सुटतो बरोबरीत. हशा पिकला. तो ओसरल्यावर अध्यक्ष – डोळ्यांचे डॉक्टर – थंडपणे म्हणाले, मग यंदाची पद्धत तुम्हीच ठरवा. न्याय्य हवी आणि रंगतदारही.
जेवणाला नावं ठेवणाऱ्याच्या हाती झारा.

५ मे
बाद पद्धत घ्यावी तर रंगत येते, पण निम्मे लोक जेवणाआधीच घरी. एक डाव बिघडला की वर्षभराची मेहनत पाण्यात. साखळी घ्यावी, प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं, तर न्याय पुरेपूर आणि प्रेक्षक घोरताहेत. न्याय आणि रंगत सख्ख्या जावा आहेत. एका स्वयंपाकघरात नांदत नाहीत.

९ मे
सापडलं! डाव पहिल्यापासून खेळायचाच नाही. सुरुवातीच्या खेळ्या यंत्रांना तोंडपाठ, म्हणून तर सगळं बरोबरीत सुटतं. मधूनच सुरू करायचा, वाकड्या मांडणीवरून: एका बाजूची कंबर आधीच मोडलेली. मग तीच मांडणी, बाजू बदलून, पुन्हा. अन्याय दोघांवर सारखा केला की त्याला न्याय म्हणतात. सरकारं यावरच चालतात.
डॉक्टर खूश. मीही.

९ मे, संध्याकाळ
खूश नाही. घोरपडीला विसरलो.

१० मे
घोरपड म्हणजे बायकोचा प्रोग्रॅम. कारखान्यातलं डिझाइन खातं बंद झालं, तिची नोकरी गेली, तेव्हापासून ती तो घडवते आहे. घोरपडीला हल्ला येत नाही. चिकटणं येतं. गेल्या वर्षी एकही डाव न जिंकता, एकही न हरता तिसरी! बाहेर सगळीकडे ती ‘यांची मिसेस’. क्लबात मात्र मी ‘घोरपडवाल्या बाईंचे मिस्टर’. माझ्या पद्धतीत घोरपड शेवटची येणार. मला कळतं, म्हणजे तिला माझ्या आधी कळलं असणार.
जेवताना सांगून टाकलं. तिने विचारलं, न्याय्य आहे का. आहे, म्हणालो. मग मीठ दे इकडे, म्हणाली.

१६ मे
मांडण्या निवडायचं कामही माझंच. मी जरा कमी वाकड्या निवडल्या – घोरपडीला चिकटायला भिंत राहील अशा. पडद्यावर उघड्या होत्या. तिने जाता जाता पाहिल्या. मग स्वयंपाकघरातून एवढंच:
“मला लिंबूटिंबू करू नकोस.”
सगळ्या पुसल्या. आता चिठ्ठ्या टाकू. डॉक्टर उचलतील, डोळे मिटून. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे मिटायचे – या आठवड्यात विनोद तेवढाच.

७ जून
स्पर्धेचा पहिला दिवस. लोक खुर्च्यांवरून उठून बघत होते! निव्वळ रक्तपात. घोरपड मोडक्या बाजूने हरली. पुन्हा हरली. चांगली बाजू मिळाली तरी जिंकता येईना. बायको दर डावानंतर समोरच्याशी हात मिळवून पाण्याची बाटली भरायला जायची. बाटली भरलेलीच असायची.

८ जून
शेवटची फेरी, गेल्या वर्षीच्या विजेत्या ‘बुलडोझर’शी. त्याचे मालक विमा कंपनीतले गणिती. दुसऱ्या डावात चांगली बाजू घोरपडीची. आणि ती चक्क जिंकू लागली! अख्खा हत्ती जास्त. आयुष्यातला पहिला विजय समोर. गणिती टाय सैल करत होते. मध्ये काही खेळ्या शांत गेल्या, आणि घोरपडीच्या पडद्यावर उमटलं – बरोबरी हवी.
बायकोनेच शिकवलेलं. बराच वेळ मारामारी झाली नाही की बरोबरी मागायची. जिंकत असलीस तर मागू नकोस, हे सांगायचं राहून गेलं होतं. तशी वेळ कधी आलीच नव्हती ना!
तिचा पडदा गणितींना दिसत नव्हता. मी मागे उभा, म्हणून मला दिसला. तिने मान वळवली.
“नियम काय?”
यंत्र मागेल ते माणसाने सांगायचं. नियमावलीतलं हे वाक्य मीच लिहिलेलं.
“सांगावं लागेल,” मी म्हणालो.
तिने गणितींना सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. ते पटाकडे बघत राहिले, मग तिच्याकडे. खरंच का, विचारलं. ती हो म्हणाली. त्यांनी हात पुढे केला. बरोबरी. घोरपड शेवटची.
डॉक्टर म्हणाले, इतकी रंगलेली स्पर्धा क्लबाने पाहिली नाही. त्यांना चावावंसं वाटलं.
घरी येताना मी म्हणालो, नियमच गाढव होता. नियम बरोबर होता, ती म्हणाली, गाढवपणा घोरपडीचा.

९ जून
घोरपड बंद केली तिने. कायमची. सकाळपासून कोरी फाइल उघडून बसली आहे, चहा गार झाला. नव्याचं नाव काय, विचारलं.
“जिंकला की ठेवू.”