रूफस "पुरे" म्हणाला तेव्हा

ऑरेंजबर्ग,
१४ ऑक्टोबर, मंगळवार

प्रिय डेल्फिन,

तुझा गुडघा कसा आहे? इकडे पेकान नटांचं झाड यंदा लगडलंय, पण खाली पडलेले वेचायला माझी कंबर वाकत नाही. चर्चमध्ये गाताना तुझ्या जागी आता बर्निसची सून उभी राहते. आवाज बरा आहे, पण पट्टी सोडते.

तीन वर्षांनी लिहितेय म्हणजे काहीतरी असणार, हे तू ओळखलं असशीलच. रूफसचा कॅन्सर यकृतात गेलाय. गेल्या सोमवारपासून घरी हॉस्पिसची नर्स येते. उपचार बंद, दुखणं कमी ठेवायचं, एवढंच. फॉर्मवर सही बायको म्हणून मी केली.

हो, मीच. तुझ्या ॲमॉससाठी तू हीच सही केलीस, तेव्हा प्रार्थनागटात सगळ्यांदेखत "देवाच्या हातातलं काम तू काढून घेतलंस" म्हणणारी. तू पर्स उचलून निघून गेलीस, ती पुन्हा चर्चला आली नाहीस.

परवा गटातल्या बायका आल्या होत्या. बर्निस म्हणाली, "अर्नेस्टीन, हार मानलीस? अजून चमत्कार होऊ शकतो." माझंच बोलणं, माझ्याच सुरात. मी काही म्हणायच्या आत आतून रूफस म्हणाला, "बर्निस, देवाला चमत्कार करायचाच असेल तर नर्स काही त्याला दारात अडवणार नाही. तू आणलेला तो गोड पीच कॉबलर इकडे आण." दोन चमचे खाल्ले त्याने. पोटात राहिले.

हे सगळं सांगत मी खरं ते टाळतेय. जुलैत दवाखान्यातून येताना गाडीत तो म्हणाला होता, "अर्नी, पुरे आता. मला घरी राहू दे." मला स्पष्ट ऐकू आलं. मी म्हटलं, "आज ऊन किती आहे." त्यानंतर आणखी दोनदा केमो झाली. तो बादलीवर ओणवा बसायचा आणि मी लोकांना सांगायची, आमचा विश्वास पक्का आहे. विश्वास कसला, एकटं राहायची भीती होती. बायका काय म्हणतील, याचीही. त्याचे अडीच महिने मी त्यात घालवले.

सही केल्यावर त्याची माफी मागितली. म्हणाला, "तुला ऐकू आलं होतं, माहितेय मला. तुझी तयारी होईपर्यंत थांबलो." थोड्या वेळाने विचारलं, "डेल्फिनला कळवलंस?"

कळवतेय. ॲमॉसच्या वेळी मी चुकले. तुला "माफ कर" म्हणायचं, ते पत्रात नको. रविवारी प्रार्थनेनंतर गटापुढे उभी राहून म्हणणार आहे, तू आलीस किंवा नाही आलीस तरी.

नर्स म्हणते, दोन आठवडे, फार तर तीन. सकाळी तो नीट बोलतो. ॲमॉस शांतपणे गेला, तुझा हात धरून, असं ऐकलंय. तू त्याच्याजवळ बसून काय करायचीस, काय बोलायचीस, मला काहीच ठाऊक नाही. ते विचारायला मला तुझ्याशिवाय कुणी नाही.

तुझी, फार भ्यालेली,
अर्नेस्टीन