उंचीत जाईल

५ जुलै २००४
शाळेत डॉक्टर आले होते. आमच्या रुद्रचं वजन जास्त, बीपीही जास्त म्हणे. तेरा वर्षांच्या पोराला बीपी! डॉक्टर स्वतः काडीपहिलवान. खात्यापित्या घरचं पोर त्याला कसं बघवणार? हाच रुद्र सुदृढ बालक स्पर्धेत पहिला आला होता. त्याचा फोटो भिंतीवर आहे. शेजारी माझा, माझ्या लहानपणच्या तशाच स्पर्धेचा. या वयातली चरबी पुढे उंचीत जाते, हे बायकोला, पूनमला समजावलं. गप्प बसली. म्हणजे पटलं.

६ जुलै
पटलेलं नाही. "पोराला काय झालं तर फोटू घिऊन बसू का?" म्हणाली. ठीक आहे. उद्यापासून पहाटे घोडनदीपर्यंत चालणार, बापलेक दोघं.

७ जुलै
काल सेकंड शिफ्ट होती. सुपरवायझरलाही झोप असते.

९ जुलै
गेलो. रुद्र पळाला, मी शेजारून स्कूटरवर. कोच असाच असतो. परतताना पोराला धाप लागली, म्हणून मागे बसवलं. मग वडापाव. बेसन म्हणजे प्रोटीनच.

१५ जुलै
चालणं बंद. माझे आजोबा मेंढरांमागे कोकणापर्यंत पायी जायचे. घराण्याचा चालण्याचा कोटा त्यांनीच पूर्ण केलाय. पूनमला हे कळत नाही. माहेरचे शेतीवाले.

१ ऑगस्ट
आईने रुद्रच्या ताटात तूप ओतत सांगितलं, "बिरू, तू बी ह्या वयात आसाच व्हतास, डिट्टो." बघा! मला काही झालं का?

१८ ऑगस्ट
रांजणगावला कंपनीचं मेडिकल. मशीन खराब. तीनदा बीपी बघायला लावलं, तिन्ही वेळा खराब. शुगरचंही मशीन खराब. डॉक्टरने विचारलं, वजन लहानपणापासूनच का? मी अभिमानाने स्पर्धेचं सांगितलं. हसला नाही. मुलाला घेऊन या म्हणाला.

२० ऑगस्ट
रुद्रला नेलं. त्याचं बीपी आजही जास्तच. डॉक्टर म्हणाला, हे आपोआप जात नाही, पोराबरोबर मोठं होतं. आत्ता लक्ष दिलं तर अजून वेळ आहे. मला गोळ्या दिल्या, कायमच्या.
येताना स्कूटरवर मागून रुद्रने विचारलं, "पप्पा, तुमचं उंचीत कवा जाणार?"
भीती वाटली. माझी नव्हे, त्याची.
गाडी बंद केली. पेट्रोल संपलं, आता घरापर्यंत चालायचं, असं सांगितलं. चौकापर्यंत मी ढकलली. मग मला धाप लागली. पुढे रुद्रने ढकलली.