‘बघू’च्या पुढे बाण नाही

सोमवार, ३ नोव्हेंबर. सकाळी ९.५०
आजपासून रोज लिहायचं. थोडक्यात आणि खरं.
मालिनी मॅडमनी काम दिलं. आमची ‘पायवाट’ नावाची, रुबी या प्रोग्रामिंग भाषेतली लायब्ररी सात वर्षं जुनी आहे, ती रुबीच्या नव्या आवृत्तीवर आणायची. कुणाचा अर्ज कुणाकडे जातो, कुणाच्या होकारानंतर पुढे सरकतो, हे सगळं तिच्यात लिहिलेलं आहे. खाली आमच्या मालकांचा, म्हणजे सेठचा, जीन्सचा कारखाना, वर आमची सॉफ्टवेअरची खोली. दोन्हीकडचे अर्ज याच वाटेने जातात. मॅडम म्हणाल्या, दोन आठवडे घे. मी म्हटलं, दोन दिवस.
माझाही अर्ज तिच्यात आहे. पर्मनंट करण्याबद्दल, १५ सप्टेंबरचा. करार ३० नोव्हेंबरला संपतो. स्टेटस : ‘बघू’. सात आठवडे बघतायत म्हणजे नीट बघतायत. आबांना तसं सांगितलं. आमच्या घरात ऑफिसात जाणारी मी पहिली, त्यामुळे त्यांना पटतं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
नवी रुबी टाकली. कोड तपासणाऱ्या २१२ टेस्ट, २०९ फेल. घाबरायचं नाही. तीन पास आहेत.
दुपारी बघितलं, त्या तीनमध्ये काहीच तपासलेलं नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
काल लिहिलं नाही. वेळ होता, पण लिहिण्यासारखं नव्हतं.
फेल ३१. मॅडमनी सुचवलं की अडलं तर चिंतामणी सरांना फोन कर. ‘पायवाट’ त्यांनीच लिहिली, आता नोकरी सोडून अंबरनाथला असतात. मी म्हटलं, गरज नाही. दुसऱ्याला त्रास देऊन केलेलं काम आपलं कसं म्हणायचं?

शुक्रवार, ७ नोव्हेंबर. दुपारी ३
मोठा शोध.
सगळ्या पायऱ्या कागदावर काढल्या. ‘आला’, ‘तपासला’, ‘मंजूर’, ‘बघू’. ‘नामंजूर’ नाहीच. आपल्याकडे कुणाला नाही म्हणत नाहीत, हे वाचून बरं वाटलं. पण ‘बघू’मधून बाहेर जाणारा एकही बाण नाही. अर्ज आत जातो आणि तिथेच बसतो. सर घाईत विसरले असणार. बिचारे.
असे ३१२ अर्ज अडकलेत. माणसं वाट बघत असतील. मी कोडमध्ये बाण जोडला : सात दिवस झाले की अर्ज आठवणीसह पुन्हा सेठच्या फोनवर.

४.३०
माझाही अर्ज त्या ३१२ मध्ये आहे. हा स्वार्थ झाला का? माझा नंबर वगळायची ओळ टाकली. मग वाटलं, स्वतःसाठी वेगळा नियम हाही अन्यायच. ओळ काढली. परत टाकली. काढली.
मॅडमना विचारणार होते, पण त्या जेवत होत्या, नंतर बेसिनपाशी होत्या, नंतर गेल्या.

सोमवार, १० नोव्हेंबर. दुपारी १
सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास. अकरा वाजता चालू केलं.
सगळेच अर्ज सात दिवसांपेक्षा जुने आहेत, हे लक्षात यायला हवं होतं. सेठचा फोन एकदम ३१२ वेळा वाजला. कारखान्यातल्या बाईकडून ऐकलं : सेठ आधी फोन उलटा ठेवून बसले, मग गादीखाली घातला, शेवटी वैतागून ‘सगळे मंजूर’ दाबलं. पत्रं आपोआप गेली.
टेम्पोवाल्या राजूला २०२१ च्या दिवाळीची चार दिवसांची रजा मिळाली. तो टेम्पो गेटात आडवा लावून गेलाही. शिलाईच्या एका बाईला लग्नाची रजा मिळाली, तिचा मुलगा बालवाडीत जातो.
आणि मला पर्मनंटचं पत्र आलं.
आबांना फोन केला. करायला नको होता. संध्याकाळपर्यंत मांजर्लीत आमच्या गल्लीतल्या सगळ्यांना कळलं होतं. विठामावशी नारळ घेऊन आली.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
मॅडमनीच चिंतामणी सरांना फोन लावून माझ्या हातात दिला. मी आदराने सांगितलं की ‘बघू’च्या पुढचा बाण राहिला होता.
“अगं कीर्ती, राहिला नव्हता,” सर म्हणाले. “बघू म्हणजेच नाही. सेठ कुणाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. मग नाही कुठे लिहायचं? ते मी तिथे लिहिलं.”
सात वर्षांत कुणी विचारलं कसं नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, कामगारांना माहीत असतं गं.
म्हणजे माझा अर्ज सप्टेंबरातच. हे वाक्य उद्या पूर्ण करते.

बुधवार, १२ नोव्हेंबर
३१२ पत्रं रद्द करायची. मॅडम म्हणाल्या, तूच कर, चूक तुझी. प्रत्येकाला माफीचं वेगळं पत्र लिहायचं ठरवलं. चारनंतर एकच मजकूर सगळ्यांना पाठवला.
माझं पत्र २९७ वं. आधी रद्द केलं तर दिखावा, शेवटी केलं तर लोभ. क्रमानेच केलं. २९६ नंतर पाणी प्यायले, फायली लावल्या, टेबल पुसलं. मग केलं.
स्टेटस : ‘बघू’.
घरी अजून सांगितलेलं नाही. मावशीचा नारळ फोडून झाला.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. संध्याकाळ
आज धीर करून सेठच्या केबिनमध्ये गेले. ‘पायवाट’ आता नव्या रुबीवर व्यवस्थित चालते, बाण काढून टाकलाय, हे सांगितलं. मग सरळ विचारलं की माझं ३० तारखेनंतर काय. सेठनी चहा मागवला, बसवलं, घरी कोण कोण असतं ते विचारलं. निघताना म्हणाले, “देखेंगे बेटा, ज़रूर देखेंगे.”
यावर नीट विचार केला. सिस्टीममध्ये ‘बघू’ आहे, हे ‘देखेंगे’. शब्द वेगळा. शिवाय ‘ज़रूर’ आहे. शिवाय चहा.
घरी आल्यावर आबांना सगळं खरं सांगितलं, चुकीच्या पत्रासकट, आणि सेठचे शब्द जसेच्या तसे. आबांनी तीस वर्षं कॅम्प चारच्या वस्तीत अशाच सेठ लोकांकडे दूध घातलंय. ते रागावले नाहीत. आईला हाक मारून म्हणाले, “एक तारखेपासून हिचा डबा नको करूस गो.”
आबांना सॉफ्टवेअरमधलं काही कळत नाही.