मोठं बटण

४ मार्च
बसला एकदाचा नवा कमोड! जुन्या टाकीची साखळी ओढली की बारा लिटर धबाधबा जायचं. याच्यावर दोन बटणं – लहान दाबलं तर तीन लिटर, मोठं दाबलं तर सहा. मी पहिल्याच फटक्यात दोन्ही एकदम दाबली. प्लंबर म्हणाला, "काका, पेटी वाजवताय का?"

सगळा लेकीचा हट्ट. जुनी टाकी चार महिने आतल्या आत गळत होती आणि मला पत्ता नाही. पाणीपुरवठ्यात बत्तीस वर्षं लोकांचे मीटर वाचले, लोकांना गळती दाखवली – आणि माझ्याच घरात ही तऱ्हा! "कमाल आहे बाबा तुमची," म्हणाली. आहेच.

टाकीच्या नळीला प्लंबर एक चपटी डबीही लावून गेलाय. दिवसात चाळीस लिटरच्या वर पाणी गेलं की लेकीच्या मोबाईलवर मेसेज. मी एकटा माणूस, माझे चाळीस कुठले व्हायला!

६ मार्च
लहान बटणाने काही जात नाही. मोठं दोनदा दाबावं लागतं. मग कसली आली बचत? हे सांगायलासुद्धा घरात कोणी नाही.

८ मार्च
प्लंबर आला. टाकी पुरती भरतच नव्हती, आतला फुगा खाली बसला होता. वर घेतला. "पाणी थोडंच असतं काका, पण एका दमात पडायला हवं. बटण टिचकी मारून सोडायचं नाही, पूर्ण दाबायचं." करून बघायला दहा वेळा पाणी सोडलं. सगळं साफ! बोललो होतो ते शब्द मागे.

संध्याकाळी लेकीचा फोन. "बाबा, मेसेज आलाय, एवढं पाणी कसं गेलं?" सांगितलं. मग वीस मिनिटं बोलत होती! गेल्या अख्ख्या महिन्यात मिळून एवढं बोललो नसू.

९ मार्च
फोन नाही. घर खायला उठतं.

१० मार्च
लिहायची लाज वाटते. दुपारी मोठं बटण सात वेळा दाबलं – उगीचच. संध्याकाळी फोन आला!! पाण्याचं अवाक्षर नाही. "सहजच केला बाबा." सहजच म्हणे! बापाला ओशाळं वाटू नये म्हणून बोलत नाही, एवढं कळतं मला.

१४ मार्च
रोज सात वेळा. रोज फोन. थेंब थेंब गळणाऱ्या नळावरून लोकांना झापणारा मी – आणि सात सक बेचाळीस लिटर गटारात घालतोय. पण चार वाजले की पाय आपोआप तिकडे वळतात. काय करू?

आज म्हणाली, "तुम्ही बोला बाबा, मी ऐकते." मी साहेबाला कुत्रं चावलं तो किस्सा सांगितला. हसली. मग म्हणाली, "बाबा..." आता पाण्याचा विषय काढणार म्हणून मीच बडबडत राहिलो.

१९ मार्च
तिचा आवाज बसलेला. "सर्दी आहे." जावयांना फोन दे म्हटलं, तर म्हणाली, "ते नाहीत इथे." बरं म्हटलं. मग म्हणाली, "बाबा, एक विचारायचं होतं..." पाण्याचंच विचारणार! दाराची बेल वाजली अशी थाप मारून फोन ठेवला. वाचलो.

२३ मार्च
अक्कल सुचली! प्लंबरला सांगायचं, चाळीसची मर्यादा दहावर आण. पाणीही वाया जाणार नाही, फोनही चुकणार नाही. उद्या सकाळी येतो म्हणालाय.

२४ मार्च
त्याने डबी उघडली. "काका, सेल खराब निघाला. ही कधीच बंद पडलीय. शेवटचा मेसेज आठ तारखेचा."

म्हणजे हे पंधरा दिवस पोरगी आपणहून फोन करत होती. आणि मी एकदाही विचारलं नाही – बाळा, तुझं काय चाललंय?